एल्डनच्या नावाचं हरीण

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचे नऊ दिवस आमची वहिनी खुर्चीला पाठ टेकत नाही. ती स्वतः बंदूक हातात धरत नाही, मचाणावर चढत नाही, तरी खिडकीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत तिच्या येरझारा चालूच. मधेच थांबते, हात वर करून मला गप्प करते आणि कान देते. लांब कुठेतरी गोळीचा आवाज होतो. "आपला डेल्मर," ती म्हणते. किंवा, "हा आपल्यातला नाही, पलीकडच्या कड्यावरचा." मी म्हणते, "वहिनी, कॉफी गार झाली." ती म्हणते, "होऊ दे."

मी तिची नणंद, कोरीन. रस्ता ओलांडला की तिचं स्वयंपाकघर. वहिनीला नावं ठेवायचा नणंदेला हक्कच असतो आणि त्रेचाळीस वर्षं मी तो इमानेइतबारे बजावत आले आहे. तिच्या हाताला मीठ नाही, ती गाडी फार जोरात चालवते, चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी उठून उभी राहते. पण हरणांच्या बाबतीत तिला बोल लावायची सोय नव्हती. आमच्या ओस्टबी खोऱ्यात, सगळ्या नऊ घरांत, हरणांबाबत वहिनीचा, आर्डिस नेप्रूडचा, शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनच्या या डोंगराळ भागातल्या वळणांवरून, बर्फातून, धुक्यातून. पोरगं फाटकापासून बसपर्यंत चालत यायचं तेवढ्यात तिला कळायचं, कोणाच्या पोटात खरंच दुखतंय आणि कोणाचा गणिताचा पेपर आहे. "तोंडाकडे काय बघायचं? तोंड खोटं बोलतं. चाल बघ," असं ती म्हणायची. माझा भाऊ ओर्विल, म्हणजे तिचा नवरा, त्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या ओकच्या झाडाला हरणं टिपायला पहिला कॅमेरा बांधला. तेव्हा आत रीळ असायचं, समोर काही हललं की फोटो निघायचा, आणि रीळ धुवायला गावातल्या औषधांच्या दुकानात द्यावं लागायचं. पहिल्या रिळात चोवीस फोटो निघाले. एकवीस रकून नावाच्या शेपटीवाल्या रानप्राण्याचे, दोन ओर्विलच्या पार्श्वभागाचे, आणि एक नर हरीण. ओर्विल म्हणाला, "मोठा आहे गं!" वहिनीने भांडी घासता घासता मान वळवली आणि म्हणाली, "अडीच वर्षांचा आहे. पाय बघ की, पोरसवदा." तो नर त्या हंगामात शेजारच्या डेल्मरने मारला. वनखात्याच्या माणसाने जबडा उघडून दात पाहिले आणि म्हणाला, अडीच.

तेव्हापासून सगळे तिच्याकडे फोटो आणू लागले. तिची रीतही ठरून गेली. आधी पाय, मग पोट, मग पाठ. शिंगं सगळ्यात शेवटी, कारण शिंगांकडे आधी पाहिलं की माणसाची अक्कल गहाण पडते. शिंगांची रुंदी कानांवरून काढायची. आमच्याकडच्या नराने कान टवकारले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सोळा इंच भरतात, मग शिंगं कानांच्या बाहेर किती गेलीत ते बघून बेरीज करायची. हे आता खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगतं, पण वहिनीइतकं अचूक कोणाला जमत नाही.

ओर्विलने नियम घातला होता की चार वर्षांखालचा नर मारायचा नाही. नऊ घरांनी तो मानला. ओर्विल जाऊन आठ वर्षं झाली तरी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटलं की नऊ घरांतून एकेक माणूस वहिनीच्या स्वयंपाकघरात येतो. टेबलावर फोटो पसरतात, वहिनी चष्मा लावून बघते आणि फ्रीजरच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिते. डाव्या बाजूला 'मारा', उजव्या बाजूला 'सोडा'. प्रत्येक नराला नाव देते. त्या कागदापुढे कोणी चकार शब्द काढत नाही. बायकोचं न ऐकणारे पुरुष त्या कागदाचं ऐकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागच्या वर्षी मात्र त्या कागदाने एका माणसाचं नुकसान केलं.

एल्डन ब्रेक्के वहिनीच्या कुंपणाला लागून राहतो. चाळीस गाई, एकटा जीव, अठ्ठावन्न वय. ओर्विलचा लाडका. बोलणं इतकं कमी, की चर्चमध्ये 'आमेन' म्हणाला तरी लोक वळून बघतात. तीस-पस्तीस वर्षं शिकार करून त्याला भिंतीवर लावण्याजोगा नर कधी मिळाला नव्हता, कारण दूध काढायच्या वेळा आणि हरणांच्या वेळा एकच. मागच्या हंगामात पहिल्याच सकाळी त्याच्यापासून चाळीस पावलांवर एक नर येऊन उभा राहिला. दांडगा. एल्डनने बंदूक खांद्याला लावली, मग ओळखलं की हा तर वहिनीच्या कागदावर 'सोडा'खाली आहे. वहिनी म्हणाली होती, तीन वर्षांचा. एल्डनने बंदूक खाली केली. नर चालत चालत कड्यापलीकडे गेला आणि वीस मिनिटांत तिकडे इलिनॉयहून आलेल्या कोणा पाहुण्याने त्याला पाडला. दात तपासायला पाठवले गेले. साडेसहा वर्षांचा निघाला.

ती शिंगं आता आमच्या खानावळीच्या भिंतीवर आहेत, बरोबर त्या टेबलासमोर, जिथे दर शुक्रवारी एल्डन तळलेले मासे खायला बसायचा. त्याने शुक्रवारी यायचं बंद केलं. रागावला नाही, भांडला नाही. वहिनी फोनवर म्हणाली, "दात तपासणाऱ्यांची चूक झाली असेल." तो म्हणाला, "असू दे." तेवढंच. आणि वर्षभर त्याने आपल्या कॅमेऱ्यातलं फोटोंचं एकही कार्ड तिच्या टेबलावर ठेवलं नाही.

वहिनीला 'चुकले' हा शब्द येत नाही. मी त्रेचाळीस वर्षांत ऐकलेला नाही. पण ते 'असू दे' तिला आत कुठेतरी लागून राहिलं. वर्षभर ती दूध आणायला एल्डनच्या गोठ्यावर जायची आणि परत येऊन सांगायची, "आज मान डोलावली त्याने." जणू लॉटरीच लागली. तिला एवढंच हवं होतं, एल्डनने पुन्हा तिच्या टेबलाशी यावं, कार्ड ठेवावं आणि म्हणावं, वहिनी, जरा बघून सांगा. मी म्हटलं, "सरळ माफी माग की." ती म्हणाली, "कशाची?"

या ऑक्टोबरमध्ये कुंपणावरच्या तिच्या कॅमेऱ्यात एक नवाच नर आला. तिचा नवा कॅमेरा फोटो थेट फोनवर पाठवतो, त्यामुळे वहिनीचा फोन चर्चमध्ये, दवाखान्यात, कुठेही किणकिणतो. हा फोटो आला तेव्हा ती माझ्याकडे भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून एकदम उभी राहिली. शिंगं उंच, चर्चमधल्या बिशपच्या टोपीसारखी वर जवळ येत गेलेली, आणि कानांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर.

"वीस इंच!" ती म्हणाली. "कोरीन, वीस! शिंगांचे सगळे फाटे मोजले तर इंच एकशे साठच्या खाली नाहीत."

"पाय बघितलेस?" मी नुसतं चिडवायला विचारलं.

"गवतात आहेत पाय. मान बघ ना, केवढी जाड! साडेपाच तरी असेल."

माजाच्या दिवसांत नराची मान फुगते, हे तिनेच मला शिकवलेलं. पण मला हरणांतलं कळत नाही, असं सगळ्या खोऱ्याचं मत आहे, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी नऊ माणसं जमली. एल्डनही आला, ओर्विलचा नियम म्हणून, पण दाराशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन, कार्डाशिवाय. वहिनीने फोटो मोठा छापून आणला होता. तिने नराचं नाव ठेवलं बिशप. आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. 'मारा'खाली बिशप लिहून त्यापुढे एल्डनचं नाव लिहिलं. म्हणाली, "पहिला हक्क एल्डनचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

डेल्मर म्हणाला, "हे कुठलं नवीन?"

"माझं," वहिनी म्हणाली.

फोटो हातोहात दारापर्यंत गेला. एल्डनने तो बराच वेळ पाहिला. इतका वेळ, की डेल्मर म्हणाला, "अरे, लग्न करायचंय का त्याच्याशी?" सगळे हसले. एल्डनने एकदा वहिनीकडे पाहिलं, फोटो परत दिला आणि म्हणाला, "बरं."

सगळे गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "नुसतं बरं?"

"त्याच्या मानाने ते भाषणच झालं."

"खूश दिसला नाही गं."

आणि तिथून तिचं येरझारा घालणं सुरू झालं, हंगामाला अजून तीन आठवडे होते तरी.

शनिवारी हंगाम उघडला. उजाडताच चहूकडून बार झाले. वहिनी खिडकीत. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी तिचा फोन किणकिणला. बिशप. भरदिवसा, कुंपणाला लागून, एल्डनच्या मचाणाच्या दिशेने चाललेला. एल्डनचं मचाण म्हणजे जुन्या गवताच्या गाडीवर फळ्या ठोकून केलेली खोली, कॅमेऱ्यापासून दीडशे पावलांवर. वहिनीने श्वास रोखला. मीही, खोटं कशाला बोलू. एक मिनिट गेलं. पाच. दहा. एल्डनच्या बाजूने काहीच नाही.

"झोपला असेल," मी म्हटलं. "पहाटे चारला उठून चाळीस गाई पिळतो माणूस."

रविवारी बिशप आला नाही. सोमवारी पुन्हा, सात चाळीसला, तसाच, आणि पुन्हा बार नाही. हंगामात नर असा घड्याळ लावून फिरत नाही. वहिनी म्हणाली, हा देवानेच पाठवलाय. मग देवावरही चिडली, कारण बंदूक वाजत नव्हती.

"एल्डन आहे ना तिथे?"

"ट्रक उभा आहे रस्त्याला. मी बघून आले," मी म्हटलं.

"मग मारत का नाही?"

"मला काय विचारतेस? मी काय त्याच्या बंदुकीत बसलेय?"

मंगळवारी बर्फ पडला. वहिनीने दिवसभरात तीनदा ओटा पुसला. कणीक मळली आणि कशासाठी मळली ते विसरली. शेवटी जे मनात होतं ते बोलली. "मला दाखवतोय तो. तुझं हरीण मला नको, असं दाखवतोय. रोज त्याच्यासमोरून जाऊ देतो आणि रोज मला कळतंय हे त्याला ठाऊक आहे."

"एल्डन? त्याला एवढं वाकडं सुचत असतं तर एव्हाना त्याचं लग्न झालं असतं."

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

बुधवारी सकाळी पुन्हा किणकिण. या वेळी फोटोत बर्फ होता, उजेड स्वच्छ होता, आणि बिशपच्या खांद्याला खांदा लावून एक मादी उभी होती. दोघांनी कान टवकारलेले, तोंडं कॅमेऱ्याकडे. वहिनी आधी नुसती बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग जाऊन फळीवरून भिंग आणलं.

"कोरीन, इकडे ये. या मादीचे कान बघ."

"बघितले."

"आता त्याचे."

मलासुद्धा दिसलं. मादीचे कान लांब, टोकदार, नीट. बिशपचे आखूड, वर बोथट, टोकं कोणी कातरून घेतल्यासारखी. दर कानाला दोन इंच तरी कमी.

वहिनी खाली बसली. हंगामात पहिल्यांदा. "सोळा नाहीत ते," ती म्हणाली. "बारा आहेत. मी बाराला सोळा धरले. म्हणजे शिंगं वीस नाहीत, सोळा. आणि पाय बघ आता, बर्फात उघडे आहेत. लांब, बारीक. पोट वर. तीन वर्षांचं पोर आहे हे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, आधी पाय बघा, आणि स्वतः शिंगांकडे बघून बसली. का, ते मला ठाऊक होतं, तिलाही. तिला एल्डनला मोठा नर द्यायचा होता. मोठा दिसावा असं तिला वाटत होतं, म्हणून तो मोठा दिसला.

आता सगळं उलटं झालं. चार दिवस ती बार होण्याची वाट बघत होती, आता बार होऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला. एल्डनने उद्या त्याला पाडलं तर? जवळ जाऊन बघेल तो, हातात धरेल, आणि ते शिंग इतकुसं. वहिनीच्या शब्दावर एकदा मोठा सोडला, वहिनीच्या शब्दावर दुसऱ्यांदा पोर मारलं. ओर्विलचा नियम त्याच्याच हातून मोडला. "मग तो या दारात कधीच येणार नाही," ती म्हणाली. "आणि बरोबरच आहे."

"फोन कर."

तिने फोन केला. दुसऱ्या घंटेला ठेवून दिला. परत केला, परत ठेवला. "काय सांगू? काय शब्द आहेत त्याला?" मी म्हटलं, एकच शब्द आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा कोट घेऊन घरी गेले.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग, टर्की भाजायचा सण. सकाळी साडेसहाला माझ्या दारावर थाप. वहिनी नारिंगी जाकिटात, नारिंगी टोपीत, चुकून कोणाची गोळी लागू नये म्हणून. "चल."

"टर्की?"

"भट्टीत आहे. चल."

हंगामात दुसऱ्याच्या मचाणाकडे सकाळी चालत जाणं म्हणजे आमच्याकडे महापाप. लग्नात नवरीला ओलांडून जेवायला बसावं तसं. त्यातून मी सहासष्टची, ती बाहत्तरची, गुडघाभर बर्फ, आणि वहिनी पुढे अशी सुटलेली की जणू बस चुकतेय. मी मागून म्हणत होते, "अगं, हळू! गोळी लागायची राहिली तर हार्टफेलने मरेन मी." ती वळून म्हणाली, "तोंड बंद ठेव, हरणं पळतील." आणि मग स्वतःच थबकली. हरणं पळाली तर बरंच होतं की! मग तिने कुंपणाची तार मुद्दाम खडखडवली.

गाडीच्या खोलीचं दार एल्डननेच उघडलं. आश्चर्य, राग, काही नाही. हात देऊन आधी तिला वर घेतलं, मग मला ओढलं. आत एक बाक, दोन माणसांचा. आम्ही तिघं त्यावर कसेबसे बसलो. मी मधे.

वहिनीला धाप लागली होती. म्हणाली, "एल्डन, त्याला मारू नकोस."

"कोणाला?"

"बिशपला. लहान आहे तो."

"हो," एल्डन म्हणाला.

"हो म्हणजे?"

"कान गेलेत त्याचे."

वहिनीने माझ्यावरून वाकून त्याच्याकडे पाहिलं. मग वहिनी म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तुमच्या स्वयंपाकघरात. फोटो बघितला तेव्हा."

"बघताक्षणी?"

"वासरं पाळतो मी, वहिनी." त्याने बाहेर बघतच सांगितलं, आणि त्याच्याकडून एका दमात एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. "तीन हिवाळ्यांपूर्वी ती थंडी पडली होती ना, शाळा तीन दिवस बंद होत्या. माझ्या सात वासरांचे कान गोठले. आधी काळे पडतात, मग टोकं गळून जातात. तेव्हा एक पाडस यायचं गव्हाणीपाशी. उशिरा जन्मलेलं, एवढंसं. आई मेली असावी. कालवडींच्या मधे घुसून उभं राहायचं, उबेला. मी हाकललं नाही. त्याचेही गेले दोन्ही."

"मग बोलला का नाहीस? तिथेच, सगळ्यांसमोर?"

एल्डनने टोपी मागे सरकवली, पुढे ओढली. "नऊ माणसं होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही त्याच्यापुढे माझं नाव लिहिलंत. म्हटलं, बरंय. माझं नाव असलं की दुसरं कोणी मारणार नाही त्याला."

"आणि रोज इथे येऊन बसतोस?"

"जागा रिकामी दिसली तर कड्यापलीकडचे पाहुणे येऊन बसतात."

मला राहवलं नाही. भिंतीला टेकवलेली त्याची बंदूक दाखवून मी विचारलं, "आणि ही कशाला मग?"

त्याने ती घेतली, गोळी भरायची दांडी मागे ओढून मला आत दाखवलं. रिकामी. गोळ्या खिशातही नव्हत्या, ट्रकमध्ये होत्या. मी कपाळाला हात लावला. पाच दिवस हा माणूस पहाटे चारला उठून दूध काढून, हंगामातल्या सगळ्या चांगल्या सकाळी रिकामी बंदूक घेऊन थंडीत बसला होता, एका कानतुटक्या पोरासाठी आणि एका म्हातारीची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून. आणि ती म्हातारी घरात बसून समजत होती की तो तिचा सूड घेतोय.

वहिनी रडत होती. आवाज न करता, नाक ओढत. मग ती माझ्या मांडीवरून हात पुढे करून त्याच्या जाकिटाची बाही धरून म्हणाली, "मागच्या वर्षी मी चुकले, एल्डन. दात बरोबर होते. मीच चुकले. तुझा नर घालवला मी."

त्याने बाहीवरच्या तिच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, असू दे. तो म्हणाला, "फार मोठा होता हो, वहिनी." वर्षभर ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. "एवढा जवळ होता, की त्याच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती."

"सांग मला," वहिनी म्हणाली. "कसा आला ते सांग."

त्याने सांगितलं. कुठून आला, कुठे थांबला, कसा त्याने मान वळवली, आणि कागदावरचं नाव कसं आठवलं. वहिनी ऐकत राहिली. त्या दिवशी बिशप आला नाही. तार खडखडवल्यावर कोण येईल? आम्ही घरी परतलो तेव्हा टर्कीचं कातडं कोळशासारखं झालं होतं. ती तिघांनी खाल्ली. एल्डनने दोनदा घेतली. मीठ नेहमीप्रमाणे नव्हतंच.

पण खरी परीक्षा रविवारी होती. हंगामाचा शेवटचा रविवार. संध्याकाळच्या दुधाच्या आधी नऊ जण पुन्हा वहिनीच्या स्वयंपाकघरात जमतात, कोणी काय मारलं ते सांगायला, कॉफी आणि केक खायला. एल्डनने तिला सांगितलं होतं, "काही बोलू नका. मी म्हणेन, मिळाला नाही." वहिनीने मान हलवली होती, त्यावरून हो की नाही ते कळलं नव्हतं.

एल्डन सोडून सगळे बसल्यावर डेल्मरने विचारलंच. "काय एल्डन, बिशप कुठाय? एवढं हक्काचं हरीण, आणि तेही जमेना?"

एल्डन 'मिळाला नाही' म्हणायच्या आतच वहिनी उठली. फ्रीजरपाशी गेली, पेन घेतलं आणि 'मारा'खालचं बिशपचं नाव खोडलं. 'सोडा'खाली लिहिलं, बिशप, साडेतीन वर्षं. मग वळून नऊ माणसांसमोर म्हणाली, "मी चुकले होते. कान आखूड आहेत त्याचे, थंडीत गेलेले, आणि मी ते बघितले नाहीत. एल्डनने बघितले. आणि मागच्या वर्षी खानावळीतल्या त्या नराबाबतही मीच चुकले होते. एल्डनचा होता तो."

डेल्मरचा केक हातातच राहिला. कोणी खोकलं. मला वाटलं, गेलं, तीस वर्षांचं नाव गेलं, आता पुढच्या वर्षी जो तो आपल्या मनाने मारणार. वहिनी पेनाचं टोपण लावत उभी होती आणि ते लागत नव्हतं.

दाराशी उभा असलेला एल्डन तेव्हा पुढे आला. खुर्ची ओढून टेबलाशी बसला. शर्टाच्या खिशातून त्याने कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, वर्षभराचं, आणि केकच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा बघून सांगा."

वहिनीने चष्मा लावला. कार्ड फोटो दाखवणाऱ्या यंत्रात घातलं. पहिला फोटो उघडला, एक नर, ओढ्याशी, अर्धा वळलेला. नऊ माणसं पुढे झुकली. तिने बराच वेळ पाहिलं, आणि मग यंत्र एल्डनच्या बाजूला फिरवलं.

"आधी तू सांग," ती म्हणाली.